बेडूकमासा

बेडूकमासा (भैकेर) ही बेडकाच्या जीवनचक्रातील अंड्यानंतरची, पाण्यात राहणारी डिंभावस्था होय. या अवस्थेत आरंभी पाय नसतात. बेडूकमासा शेपटीने पोहतो व कल्ल्यांनी श्वसन करतो. पश्चिम घाटातील राओर्चेस्टिस प्रजातीच्या झुडपी बेडकांत मात्र ही मुक्त अवस्था नसते. त्यांच्या अंड्यांतून थेट लहान बेडूक बाहेर पडतात.

रूपांतरण

अंड्यातून बाहेर पडल्यावर आरंभी कल्ले शरीराबाहेर दिसतात. नंतर त्यांवर त्वचेचे आवरण येते. शेवाळ खरवडून खाणाऱ्या जातींत आतडे लांब व गुंडाळलेले असते. प्रथम मागचे पाय, नंतर पुढचे पाय दिसतात. शेपटी गळून पडत नाही, ती शरीरात शोषली जाते. या काळात अन्नग्रहण जवळजवळ थांबते व आतडे आखूड होते. हे बदल अवटू ग्रंथीच्या संप्रेरकामुळे घडतात. १९१२ मध्ये गुडरनाच यांनी बेडूकमाशांना ही ग्रंथी खाऊ घालून रूपांतरण लवकर घडते, हे दाखवले.

मराठवाड्यातील अधिवास

छत्रपती संभाजीनगर परिसरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिमी पाऊस पडतो व तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळात असतो. त्यामुळे पाणी किती दिवस टिकते, यावर बेडूकमाशाचे जगणे अवलंबून असते. यूफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस हा पाण्याच्या पृष्ठभागावरून उड्या मारत जाणारा बेडूक तळी, विहिरी अशा टिकाऊ पाणवठ्यांत राहतो. होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस हा मोठा बेडूक पहिल्या पावसानंतर साचलेल्या डबक्यांत अंडी घालतो. अशा डबक्यांत भक्षक मासे नसतात. पण पावसाने मोठा खंड दिल्यास डबके आटते व पूर्ण वाढ न झालेले बेडूकमासे मरतात.

संगोपन

अभ्यासासाठी मोजकेच बेडूकमासे उथळ, पसरट भांड्यात, थेट उन्हापासून दूर ठेवले जातात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना घातक असल्याने पाणी आधी उघड्या भांड्यात किमान एक दिवस ठेवतात. शेवाळ खाणाऱ्या जातींना उकडलेला पालक थोडा थोडा देतात. उरलेले अन्न कुजून अमोनिया वाढतो, म्हणून ते काढून पाण्याचा काही भाग बदलला जातो. होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनसचे बेडूकमासे मांसाहारी असून इतर बेडूकमाशांना खातात. त्यांना वेगळे ठेवावे लागते. पुढचे पाय येताच फुप्फुसांनी श्वसन सुरू होते. तेव्हा पाण्याबाहेर येण्यासाठी दगड किंवा उतार नसल्यास लहान बेडूक बुडून मरतात. रोगांचा प्रसार टाळण्यासाठी त्यांना मूळ पाणवठ्यातच सोडतात.

संवर्धन

डबकी बुजवणे, कीटकनाशके आणि डासनियंत्रणासाठी सोडलेले गंबुसिया मासे यांमुळे बेडूकमाशांची हानी होते. बेडकांच्या पायांच्या व्यापारामुळे होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनसचा समावेश १९८५ मध्ये साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. भारताने १९८७ मध्ये या पायांच्या निर्यातीवर बंदी घातली. वन्य बेडकांची अंडी वा बेडूकमासे गोळा करण्यापूर्वी वन विभागाकडे परवानगीविषयी चौकशी करणे आवश्यक असते.