पडद्यावरचा रंग कागदावर : मॉनिटर व प्रिंटरचे कॅलिब्रेशन

इंदापूर तालुक्यात भिगवण-कुंभारगाव परिसरातील उजनी जलाशयाचा फुगवटा हिवाळ्यात रोहित अर्थात फ्लेमिंगो पक्ष्यांसाठी ओळखला जातो. अंग पांढरट-गुलाबी आणि उडताना उघडणारे पंख किरमिजी. हा रंग त्यांना अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे मिळतो. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा वाळक्या गवताच्या रंगात मिसळून जातो. अशा नाजूक छटांच्या छायाचित्रांत पडद्यावरचा आणि कागदावरचा रंग वेगळा पडला, तर निसर्गाची नोंदच चुकते.

कारण काय?
मॉनिटर तांबडा, हिरवा व निळा प्रकाश फेकून रंग घडवितो; प्रिंटरची शाई मात्र कागदावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषून रंग दाखविते. त्यामुळे दोहोंचा रंगविस्तार सारखा नसतो. शिवाय प्रत्येक मॉनिटर निराळा असतो आणि कालांतराने बदलतोही.

आधी मॉनिटर
मॉनिटर अर्धा तास सुरू ठेवून, त्यावर थेट उजेड पडणार नाही अशा बेताने कलरिमीटर पडद्याला लावतात. संगणक ठराविक रंग दाखवितो, उपकरण ते मोजते आणि आढळलेला फरक ‘प्रोफाइल’ म्हणून नोंदविला जातो. या प्रोफाइलचा सर्वमान्य साचा १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने दिला. सर्वसाधारणपणे ६५०० केल्विन शुभ्रता, २.२ गॅमा आणि प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेला तेजस्विता ठेवावी. पडदा फार उजळ असेल, तर छायाचित्र नकळत गडद केले जाते आणि प्रिंट काळवंडते. महिन्यातून एकदा ही मोजणी पुन्हा करणे हिताचे.

मग प्रिंटर
प्रिंटर, शाई आणि कागद या प्रत्येक जोडणीस स्वतंत्र प्रोफाइल लागते. चकचकीत कागदाचे प्रोफाइल मॅट कागदास चालत नाही. रंगदुरुस्ती बंद ठेवून रंगचौकटींचा तक्ता छापावा, शाई पूर्ण वाळू द्यावी व स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजावा. हे उपकरण महाग वाटल्यास कागद-उत्पादकांची तयार प्रोफाइल वापरता येतात. छपाईपूर्वी ‘सॉफ्ट प्रूफ’ पाहिल्यास किरमिजी पंखांतील कोणती छटा कागदावर उतरणार नाही, याचा अंदाज येतो.

रंगविस्ताराची निवड
१९९६ मध्ये मांडला गेलेला एसआरजीबी इंटरनेटसाठी व बहुतेक लॅबसाठी योग्य. १९९८ चा अ‍ॅडोबी आरजीबी हिरव्या-निळसर छटांत अधिक विस्तृत आहे. परंतु लॅब तो स्वीकारते का, हे आधी विचारावे. अन्यथा रंग फिके उतरतात.

मर्यादा
कॅलिब्रेशन छायाचित्रातील दोष दूर करीत नाही. ते दोष खरेपणाने दाखविते. सूर्यास्ताच्या तांबूस उजेडात पांढरट पक्षीही गुलाबी भासतो. तेथे मूळ रंग हवा असल्यास कॅमेऱ्याचे व्हाइट बॅलन्स करड्या कार्डावरून घेणे श्रेयस्कर. तयार प्रिंटही ५००० केल्विनच्या प्रकाशात पारखावे. पिवळ्या दिव्याखाली केलेली पारख फसवी ठरते.