कर्झनची रेषा आणि वळिवड्याची छावणी

वळिवड्याच्या पोलिश छावणीचा विषय निघाला की कोल्हापुरात बहुतेक जण दोन वाक्यांत आटपतात. हिटलरनं पोलंडवर हल्ला केला, तिथली माणसं देशोधडीला लागली. मग आपल्या संस्थानात त्यांना आसरा मिळाला. आसऱ्याचं खरं आहे. पहिल्या वाक्यातून मात्र अर्धी हकिकत गळते. 1943 ते 1948 या काळात वळिवड्यात राहिलेली सुमारे 5 हजार माणसं बहुतांश बायका आणि मुलं होती, आणि त्यातल्या बहुतेकांना घराबाहेर काढलं ते स्टालिनच्या पोलिसांनी. त्यांची गावं पोलंडच्या पूर्व टोकाला, आज युक्रेन आणि बेलारूस आहेत त्या पट्ट्यात होती. हिटलरचं सैन्य आलं पश्चिमेकडून. वळिवड्याच्या माणसांपासून सुरुवात केली, की दुसरं महायुद्ध का झालं या प्रश्नाचं शाळेत पाठ केलेलं उत्तर अपुरं पडतं.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, आता निवृत्त होऊन कळंब्यात राहतो. तलावाच्या अलीकडं जिथं मी उसाची रानं मोजली, तिथं आता प्लॉट पडून अपार्टमेंट उभी राहिली आहेत. नोकरीभर काम एकच, हद्द कायम करणं. मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसं बांधावर जमत. अर्जात कारण लिहिलेलं असे : शेजाऱ्यानं बांध कोरला. टिपण काढून, फळी लावून मोजत गेलं की ध्यानात येई, कोरलेला बांध वीतभर आणि भांडण तीन पिढ्यांचं. आजोबानं तोंडी केलेली वाटणी, नोंद न झालेला बहिणीचा हिस्सा, विहिरीच्या पाण्याची पाळी, असं काहीतरी तळाशी निघायचं. तीच सवय मला युद्धाचा इतिहास वाचताना उपयोगी पडली. अर्जातलं कारण वाचायचं, बाजूला ठेवायचं आणि जुने कागद मागवायचे.

या युद्धात अर्जातलं कारण तर बनावट होतं. 31 ऑगस्ट 1939 च्या रात्री पोलिश हल्लेखोर असल्याचं सोंग घेतलेल्या जर्मन लोकांनी ग्लायविट्झचं जर्मन रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं. पोलंडनं सरहद्दीवर कुरापत काढली अशी आवई उठवायला हे हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे युद्ध सुरू झालं. त्यामागं व्हर्सायचा 1919 चा तह, डान्झिग शहर आणि जर्मनीचे दोन तुकडे करणारा पोलंडचा समुद्रापर्यंतचा पट्टा ही कारणं आपण शिकतो. तीही खरी आहेत. पण ती सगळी पोलंडच्या पश्चिम बाजूची. डान्झिगच्या भांडणापायी दूर पूर्वेच्या व्होलिनमधली शेतकरीण सैबेरियात का जाते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जमिनीकडं बघावं लागतं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमारानं जर्मनीची समुद्रवाट अडवली. 1916-17 च्या हिवाळ्यात बटाट्याचं पीक बुडालं आणि जर्मन शहरांनी जनावरांना घालायचे सलगम खाऊन दिवस काढले. त्या पिढीच्या मनात उपासमारीची ती धास्ती कायमची बसली. 1918 च्या सुरुवातीला ब्रेस्ट-लिटोव्हस्कला तह करून जर्मनीनं युक्रेनकडं हात पसरला तो धान्यासाठीच. काही महिने तो मुलूख तिच्या ताब्यातही होता आणि पराभवाबरोबर गेला. हिटलरनं आपल्या पुस्तकात 1920 च्या दशकातच पूर्वेकडची जमीन घेण्याची भाषा उघड लिहिली होती. काळ्या जमिनीचा तो पट्टा हवा होता आणि पोलंड वाटेत होता. मला विचाराल तर या युद्धाचं मूळ व्हर्सायच्या अपमानाइतकंच इथं, धान्य पिकणाऱ्या जमिनीच्या हावेत आहे. अपमानावर लोकांना पेटवता येतं. पण पेटवून कुठं न्यायचं, ते त्या जमिनीनं ठरवलं.

आता दुसरा कागद. यात आपल्या ओळखीचं नाव भेटतं, लॉर्ड कर्झन. 1905 साली बंगालची फाळणी करणारा हा व्हाइसरॉय पुढं ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री झाला. पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांच्यात युद्ध पेटलेलं असताना, जुलै 1920 मध्ये त्याच्या नावानं मॉस्कोला प्रस्ताव गेला : दोन्ही सैन्यांनी अमुक रेषेवर थांबावं. तीच कर्झन रेषा. दक्षिणेकडं लव्हूव शहर रेषेच्या कोणत्या बाजूला, याबद्दल तिचे दोन पाठ होते. एवढं मोठं शहर एका कागदावर अलीकडं आणि दुसऱ्यावर पलीकडं! ज्यानं आयुष्यभर हद्दीचे दगड शोधले त्याला हे वाचून झोप लागत नाही.

त्या रेषेवर तेव्हा कोणीच थांबलं नाही. वॉर्सापाशी पोलंडनं लाल सैन्य परतवलं आणि मार्च 1921 च्या रीगा तहानं सरहद्द कर्झन रेषेच्या जवळपास 200 किलोमीटर पूर्वेला नेली. त्या मुलखात खेड्यापाड्यांतून मुख्यतः युक्रेनी आणि बेलारूसी माणसं. पोलंडनं तिथं युद्धातून परतलेल्या आपल्या सैनिकांना जमिनी देऊन वसवलं. पडलेली मोठी इस्टेट फोडून नव्या माणसाला कागद दिला की सरकारदरबारी काम संपतं. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत खंडानं राबणारा शेजारी तो कागद मनानं मान्य करत नाही. त्या शेजाऱ्यांचा राग खरा होता. नंतर त्या रागाचा उपयोग मॉस्कोनं करून घेतला.

पोलंडचे हातही या काळात अगदी स्वच्छ राहिले नव्हते. 1938 च्या म्युनिक करारानं हिटलरनं चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला, तेव्हा ऑक्टोबरात पोलंडनंही टेशेनजवळचा एक भाग घेऊन टाकला. वर्षभरातच तशीच पाळी त्याच्यावर आली. मार्च 1939 मध्ये हिटलर प्रागमध्ये शिरला, त्याच महिन्याच्या 31 तारखेला ब्रिटननं पोलंडला हमी दिली. ब्रिटन आणि फ्रान्सची रशियाशी उन्हाळाभर चाललेली बोलणी फसली. आणि 23 ऑगस्टला मॉस्कोत मोलोटोव्ह आणि रिबेनट्रॉप यांनी एकमेकांवर हल्ला न करण्याच्या करारावर सह्या केल्या. सोबत एक गुप्त पुरवणी होती : पोलंड नरेव, विस्तुला आणि सान या नद्यांवरून वाटून घ्यायचा. सोव्हिएत सरकारनं ही पुरवणी असल्याचं 1989 पर्यंत मान्य केलं नाही.

वाटणीची रेषा 28 सप्टेंबरला बदलली आणि बराचसा भाग बूग नदीवरून गेला. म्हणजे फिरून कर्झन रेषेच्याच आसपास. त्या नकाशाचं छायाचित्र मी पुष्कळ वेळ निरखलं आहे. स्टालिननं स्वतः रंगीत पेन्सिलीनं त्यावर लांबलचक सही ठोकली आहे. आमच्या खात्यात दहा गुंठ्यांची हद्द कायम करायची तरी लगतच्या कब्जेदारांना नोटीस गेलेली असावी लागते, नाहीतर मोजणी टिकत नाही. इथं ज्यांच्या अंगणातून रेषा गेली त्यांतल्या एकालाही कळवलेलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, 1 सप्टेंबरच्या जोडीनं 17 सप्टेंबर 1939 ही तारीखही आपल्या मुलांना शिकवावी. त्या दिवशी पूर्वेकडून लाल सैन्य पोलंडमध्ये आलं. ब्रिटननं जर्मनीशी युद्ध पुकारलं होतं ते 3 सप्टेंबरला. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोनं इथल्या कोणत्याही पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थानलाही युद्धात ओढलं. पण रशियाविरुद्ध ब्रिटननं युद्ध पुकारलं नाही.

पुढं 10 फेब्रुवारी 1940. कडाक्याच्या थंडीत रात्री-पहाटे दारं ठोठावली गेली. वसवलेले सैनिक-शेतकरी आणि जंगलखात्यातले नोकर यांची कुटुंबं घराबाहेर काढली. कुणाला आवरायला अर्धा तास मिळाला, कुणाला थोडा जास्त. या पहिल्याच फेरीत सुमारे 1 लाख 40 हजार माणसं मालगाडीच्या डब्यांत कोंबून अर्खांगेल्स्क, कोमी आणि सैबेरियाच्या जंगलांत लाकूडतोडीला धाडली. दुसऱ्याच दिवशी, 11 फेब्रुवारीला, सोव्हिएत रशिया आणि जर्मनी यांच्यात व्यापार करार झाला : रशियानं जर्मनीला 10 लाख टन धान्य आणि 9 लाख टन खनिज तेल द्यायचं. या दोन तारखा शेजारी शेजारी मांडल्या की युद्धाची कारणं सांगायला फार शब्द लागत नाहीत. एप्रिलमध्ये दुसरी फेरी झाली. त्यात, ज्यांचे नवरे आणि वडील त्याच वसंतात कातिन आणि इतर ठिकाणी गोळ्या घालून मारले जात होते, अशी कुटुंबं होती.

जून 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि रशियाला पोलंड आठवला. 30 जुलैला लंडनमध्ये पोलंडच्या परागंदा सरकारचे जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांनी करार केला. वनवासातल्या पोलिश माणसांना सोडायचं ठरलं. जनरल अँडर्सनं त्यांतून सैन्य उभारलं. 1942 मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सैनिक आणि त्यांची कुटुंबं मिळून लाखभराहून अधिक माणसं इराणला पोहोचली. पुरुष सैन्याबरोबर गेले. मुंबईतले पोलिश कॉन्सुल बनासिन्स्की यांच्यासारख्यांनी धडपड करून इकडं जागा शोधल्या. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना ठेवून घेतलं, आणि मोठी छावणी झाली ती आपल्या वळिवड्याला. राजाराम महाराज 1940 मध्येच गेलेले, गादीवर लहान मूल, महाराणी ताराबाई कारभार बघत होत्या.

कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कडेला बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथकं, सगळं छावणीत होतं. बाजारहाटाला त्या बायका कोल्हापुरात येत. काही जण इथंच दफन झाले. एका तरुणीनं कोल्हापूरकराशी लग्न करून इथंच संसार केला. महावीर उद्यानात छावणीचं स्मारक आहे. कळंब्यातल्या पोरांना मी ते दाखवून आणतो आणि घरी आल्यावर पोलंडचे तीन नकाशे पुढ्यात ठेवतो, 1921 चा, 1939 चा आणि 1945 चा. देश पश्चिमेकडं सरकत गेलेला त्यांना चटकन दिसतो.

इटलीतली एक लढाई मला या छावणीपासून वेगळी काढता येत नाही. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर आठव्या भारतीय डिव्हिजननं आणि अँडर्सच्या पोलिश कोअरनं एकाच दिवशी चढाई सुरू केली. संगमनेरजवळच्या निमजचा नामदेव जाधव पाचव्या मराठा पलटणीत होता. दोन जखमी सोबत्यांना त्यानं नदीपार आणलं, मशिनगनचे मोर्चे एकट्यानं मोडले आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना दिली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच नदीवर शेजारी लढणाऱ्या पोलिश सैनिकांत वळिवड्याच्या बायकापोरांचे बाप-भाऊ होते. आणि त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. दोन महिन्यांपूर्वी याल्टा इथं रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडची पूर्व सरहद्द ठरवून टाकली होती, कर्झन रेषेवरच. लव्हूव पलीकडं गेलं. ज्या घरांसाठी लढत होते ती घरं दोस्तांनीच देऊन टाकली होती, तरी ते नदी उतरले. हे वाचताना माझा गळा दाटून येतो.

युद्ध संपलं तरी छावणी लगेच उठली नाही, याचं कारण हेच. घर रशियात गेलेलं, पोलंडमध्ये मॉस्कोच्या पसंतीचं सरकार. जुलै 1945 मध्ये ब्रिटननंही त्यालाच मान्यता दिली. थोडे परत गेले. बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. 1948 ला छावणी रिकामी झाली आणि फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. त्यांचंच पुढं गांधीनगर झालं. तिथल्या कापडबाजारात आज सीमेपलीकडच्या कर्नाटकातलेही व्यापारी खरेदीला येतात. सिंधी कुटुंबांनी मागं टाकलेल्या मालमत्तेचे क्लेम भरले आणि 1954 च्या कायद्यानं सरकारनं त्यांना भरपाई दिली.

पोलिश माणसांचे क्लेम फार वर्षं लोंबकळत राहिले. बूग नदीपलीकडं घरदार गमावलेल्यांना तेवढ्या मोलाची मालमत्ता देण्याचं पोलंडनं युद्धानंतर कबूल केलं होतं. ते पुरतं पाळलं गेलं नाही. ब्रोनिओव्स्की नावाचा माणूस आजीच्या लव्हूवमधल्या मालमत्तेसाठी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला आणि 2004 साली जिंकला. वर्षभरानं पोलंडनं कायदा केला : गेलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या 20 टक्के, आणि तेही पोलंडचं नागरिकत्व असलेल्यांनाच. परदेशात स्थायिक होऊन ज्यांनी ते गमावलं, त्यांचे अर्ज त्यात बसले नाहीत.