डन्समुरची सही

लेडीस्मिथच्या उतारावरची जुनी लाकडी घरं दाखवत आमच्या शेजारच्या वृद्ध बाई सांगायच्या, "यातली कितीतरी घरं इथली नव्हेतच. वेलिंग्टन या खाणगावातली आहेत. मालकाचा हुकूम सुटला, तशी आमच्या आजोबांनी फळीन् फळी सुटी केली, वाघिणीत चढवली आणि इथे आणून पुन्हा ठोकली." मालक म्हणजे जेम्स डन्समुर. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरचा कोळसा बहुतेक त्याच्या घरचाच.

आईबाप स्कॉटलंडहून हडसन्स बे कंपनीच्या खाणीवर निघाले, त्या वाटेतच 1851 साली तो जन्मला. 1869 साली बापाला, रॉबर्टला, वेलिंग्टनचा कोळशाचा थर सापडला आणि घराण्याचं नशीब फळफळलं. बाप गेल्यावर संपत्ती आईच्या हाती राहिली. पुढे मायलेकांचं भांडण कोर्टात गेलं. 1900 ते 1902 जेम्स ब्रिटिश कोलंबियाचा प्रीमियर होता आणि 1906 साली लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे राजाचा प्रतिनिधी झाला. खाणी मात्र त्याच्याच राहिल्या.

त्या खाणींबद्दल बोलताना बाईंचा आवाज चढायचा. 1909 च्या ऑक्टोबरात एक्स्टेन्शनच्या खाणीत स्फोट झाला, 32 माणसं गेली. आजोबांची पाळी नव्हती, म्हणून ते वाचले. "युनियनचं नाव काढलं की काम गेलंच समजायचं," त्या सांगायच्या. "हवा खराब आहे, हे मग सांगायचं कुणी?"

मला मात्र 1907 साल राहून राहून आठवतं. आशियाई लोकांना प्रांतात येऊ न देणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं आणि डन्समुरने त्यावर संमती रोखली. सप्टेंबरात व्हँकुव्हर शहरातल्या जमावाने त्याचा पुतळा जाळला, मग चिनी आणि जपानी वस्त्यांवर दगडफेक केली. पुढच्या चौकशीत बाहेर आलं, की त्याच्याच कंपनीने 500 जपानी मजूर मिळवण्याचा करार केला होता. चिनी मजूर तर खाणीत आधीपासून होतेच, गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी मजुरीवर. त्याची संमती अडली त्यामागे मला दया दिसत नाही, स्वस्त मजुरीचा हिशोब दिसतो.

कारण त्याच वर्षी, तोच लेफ्टनंट गव्हर्नर असताना, हिंदुस्थानातून आलेल्यांचा मताधिकार काढून घेणारा कायदाही झाला. तो कुठेच अडला नाही. कागदोपत्री शीख, मुसलमान, सगळेच 'हिंदू'. डंकनजवळच्या पालदीच्या गुरुद्वारात लंगरला शेजारी बसलेले बाबाजी म्हणाले, "बेटा, माझ्या वडिलांनी इथल्या गिरणीत उभा जन्म ओंडके कापले. कर भरला. मत नाही." तो हक्क परत मिळाला 1947 साली.

डन्समुरने 1910 मध्ये खाणी विकल्या आणि तो हॅटली कॅसलमध्ये राहायला गेला. त्या वाड्यात आज विद्यापीठ आहे. आमची मुलंमुली तिथे शिकायला येतात, तेव्हा मी त्यांना आधी पालदीला घेऊन जातो.