एका पौर्णिमेचे तीन हिशेब

६ मार्च २००४. शनिवार, आणि पौर्णिमा. तमिळनाडूतील कुंभकोणम या मंदिरनगरीत महामहम सरोवराच्या पायऱ्यांवर स्नानासाठी लाखोंची गर्दी लोटली होती. बारा वर्षांनी आलेला योग होता तो. त्याच सायंकाळी महाराष्ट्रात गावोगावी होळ्या पेटल्या. आणि त्याच सायंकाळी, शब्बाथ संपताच, मुंबई-कोकणातील बेने इस्रायल ज्यूंचा पुरीम लागला, कारण ज्यू दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो. गंमत अशी की या समाजाच्या जुन्या मराठी बोलीत पुरीमचे नावच मुळी ‘होळीचा सण’ असे आहे.

हा योगायोग म्हणावा तर तो वारंवार घडतो. नियम म्हणावा तर तो कधीकधी मोडतो. तो का जुळतो आणि केव्हा मोडतो, हे पाहू लागले की माणसाने आकाशाशी केलेले तीन वेगवेगळे करार उलगडत जातात.

सगळ्याच्या मुळाशी एक अडचण आहे. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस लागतात. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस आणि काही तास होतात; ऋतूंचे वर्ष मात्र ३६५.२४२२ दिवसांचे. दरवर्षी सुमारे ११ दिवसांची तूट पडते. इस्लामी कालगणनेने ही तूट भरून न काढण्याचे ठरवले, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. ज्यूंना तसे करता येत नव्हते, कारण पेसाह हा वल्हांडणाचा सण वसंतातच, जवाचे पीक हाती येण्याच्या दिवसांत यायला हवा, अशी धर्माज्ञा होती. आपल्याकडेही शरदातले नवरात्र आणि वसंतातला पाडवा ऋतूंना बांधलेले. म्हणून दोन्ही समाजांनी एकच उपाय योजला: अधिक महिना.

उपाय एक असला तरी पद्धती निराळ्या. प्राचीन काळी जेरुसलेममध्ये नवी चंद्रकोर पाहिलेल्या साक्षीदारांची जबानी घेऊन धर्मसभा महिन्याचा आरंभ जाहीर करी. पिकाची आणि ऋतूची स्थिती पाहून अधिक महिना धरी. ज्यू समाज दूरदूरच्या देशांत पांगला, धर्मसभेवर संकटे आली, आणि निरोप वेळेत पोहोचेनासे झाले. परंपरेनुसार इसवी सनाच्या चौथ्या शतकात, ३५९ च्या सुमारास, दुसऱ्या हिल्लेलने गणिती नियम सर्वांसाठी खुले केले. तेव्हापासून ज्यू पंचांगाला आकाशाकडे पाहण्याची गरज उरली नाही. महिना २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भागांचा. एका तासाचे भाग १०८०. एकोणीस वर्षांत २३५ महिने बसवायचे, म्हणजे सात वर्षे तेरा महिन्यांची करायची: तिसरे, सहावे, आठवे, अकरावे, चौदावे, सतरावे आणि एकोणिसावे. जास्तीचा महिना नेहमी एकाच ठिकाणी, पुरीमच्या अदार महिन्याआधी. याशिवाय वारांचेही बंधन: रोश हशाना, म्हणजे नववर्षदिन, रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचा नाही. तो बुधवारी किंवा शुक्रवारी आला, तर दहाव्या दिवसाचा योम किप्पूर हा कडक उपवास शब्बाथला अगदी लागून पडेल, म्हणून ही खबरदारी.

भारतीय पंचांगकर्त्यांनी सरासरीवर समाधान मानले नाही. सूर्य ज्या चांद्रमासात एकही राशी ओलांडत नाही, तो महिना अधिक. सूर्याची भासमान गती उन्हाळ्यात मंद असते, कारण पृथ्वी जुलैच्या सुमारास सूर्यापासून सर्वांत दूर असते. त्यामुळे आपले अधिक महिने बहुधा चैत्र ते आश्विन या पट्ट्यात पडतात. २०१५ मध्ये आषाढ, २०२० मध्ये आश्विन. ज्यू अधिक महिना ठरल्या जागी बसतो, आपला हिंडतो. तरीही एकोणीस वर्षांत साधारण सात ही संख्या दोघांची एकच, कारण ती चंद्र-सूर्याच्या गतीतूनच आलेली आहे.

या समानतेचा सर्वांत मोठा लाभ कोकणातल्या बेने इस्रायलांना झाला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जाणारे हे लोक शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिले. हिब्रू ग्रंथ आणि पंचांगे त्यांच्यापाशी उरली नव्हती, पण सण उरले होते, आणि त्यांची नावे मराठी झाली होती. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला, त्यात ही नावे नोंदलेली आहेत. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर म्हणजे ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशी दार लावून घरात उपवास करायचा. अव महिन्याच्या नवमीचा शोकदिन ‘बिरड्याचा सण’ झाला, त्या दिवशीच्या वालाच्या बिरड्यावरून. ग्रंथ हरवला तरी शेजाऱ्याची तिथी आणि डोक्यावरचा चंद्र हाताशी होता. नव्याचा सण बहुधा घटस्थापनेच्या अमावास्येला लागून येई, दारफळणी दसऱ्याच्या आगेमागे, पेसाह चैत्री पौर्णिमेला आणि पुरीम होळीला. कोचीनच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर हिब्रू नावे परतली. मराठी नावेही पुसली गेली नाहीत.

आता कुंभकोणमकडे पाहू. हे नगर मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत ते तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी मराठी घरात जन्मले. येथील महामहमचा हिशेब मात्र तिसऱ्याच तऱ्हेचा आहे. तमिळ महिने सौर असतात. सूर्य कुंभ राशीत असताना, म्हणजे मासी महिन्यात, चंद्र मघा नक्षत्री आला की मासीमघम. तो दरवर्षी येतो. त्याच वेळी गुरू सिंह राशीत असेल, तर महामहम. सिंहेतला हाच गुरू नाशिकला सिंहस्थ घडवतो. पण नाशिकच्या पर्वणीला सूर्यही सिंहेत असतो, त्यामुळे गुरू त्याच्या तेजात लपलेला असतो. कुंभकोणमला सूर्य बरोबर समोरच्या राशीत, म्हणून गुरू रात्रभर आकाशात आणि जवळजवळ परमतेजावर. २००४ मध्ये गुरूची प्रतियुती ४ मार्चला झाली आणि ६ मार्चच्या रात्री पूर्णचंद्र त्याच्या शेजारीच उगवला. या पर्वणीला दुर्बीण लागत नाही. तिचा पुरावा नुसत्या डोळ्यांना दिसतो.

बारा वर्षे हा आकडाही स्थूलच. गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची; सात प्रदक्षिणांना ८४ नव्हे तर ८३ वर्षे लागतात. म्हणून साधारण सात फेऱ्यांत एकदा बाराऐवजी अकरा वर्षांनी पर्वणी येते. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ मध्येच भरला तो याच कारणाने.

तीन करार, आणि तिघांतही बारीक फट. ज्यू पंचांगाचे सरासरी वर्ष ३६५.२४६८ दिवसांचे आहे. ऋतुवर्षापेक्षा सुमारे साडेसहा मिनिटांनी मोठे. ही मिनिटे साठून साधारण २१७ वर्षांत एक दिवस होतो. हिल्लेलपासून आजवर सात-आठ दिवस साचले आहेत. २०१६ मध्ये वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा २३ मार्चला होती, पेसाह मात्र २२ एप्रिलच्या सायंकाळी लागला. भारतीय पंचांगाची फट अधिक मोठी आहे. सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५.२५८७६ दिवसांचे, ते सुमारे ६० वर्षांत एक दिवस सरकते. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, आणि मकरसंक्रांत येते १४-१५ जानेवारीला, ती यामुळेच.

दोन घड्याळे वेगवेगळ्या गतीने मागे पडू लागली की त्यांच्यात अंतर पडणारच. २००२ ते २०२० या एकोणीस वर्षांत पुरीम आणि होळी फक्त दोनदा चुकले, २००२ आणि २०१३ मध्ये. पुढे २०२१ मध्ये पुन्हा तसेच झाले: आपला अधिक आश्विन २०२० मध्ये येऊन गेला होता, ज्यूंचा अधिक महिना २०२२ पर्यंत यायचा होता. त्यामुळे पुरीम फेब्रुवारीच्या अखेरीस पडला, आणि महाराष्ट्रात होळी पेटली तेव्हा बेने इस्रायल घरांत पेसाह सुरू होता. दोन वर्षांतील फरक शतकात साधारण एका दिवसाचा भरतो. अशा चुका हळूहळू वाढतील आणि अडीच-तीन हजार वर्षांत होळी पुरीमपासून महिनाभर दूर जाईल. ‘होळीचा सण’ हे नाव आजच्या युगापुरते खरे आहे.

ही चूक कोणालाच ठाऊक नाही असे नाही. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे दोन मराठी विद्वान तिचे सदस्य होते. देशात चालू असलेली सुमारे तीस पंचांगे समितीपुढे होती. १९५५ च्या अहवालात दोन सूचना आल्या: नागरी व्यवहारासाठी ऋतूंना बांधलेले शक पंचांग, आणि सणांसाठी अयनांश २३ अंश १५ कलांवर कायम धरणे. झालेली घसरण परत घेण्याचा आग्रह नव्हता. ती पुढे वाढू नये, एवढेच मागणे होते. राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली आणि ती राजपत्रावर व आकाशवाणीवर दिसू-ऐकू येते. घराघरांतले सण मात्र जुन्याच हिशेबाने चालत राहिले.

गणित दोन्हीकडे सोपे आहे. कठीण आहे तो अधिकाराचा प्रश्न. ज्यू परंपरेत महिना जाहीर करणारी धर्मसभाच लोप पावली, आणि तिच्याशिवाय नियम बदलायचा तर जगभर पांगलेला समाज दोन पंचांगांत विभागण्याची भीती. भारतात असे एकच पीठ कधी नव्हते. हिल्लेलच्या गणिताने साधले ते हेच, की कोचीन, बगदाद आणि पोलंडमधला ज्यू एकाच दिवशी उपवास करू शकला. सात-आठ दिवसांची चूक ही त्या एकीची किंमत आहे, आणि ती समाजाने जाणूनबुजून मोजली आहे.

पुढचा महामहम मार्च २०२८ मध्ये येईल. त्या वर्षी होळी १० मार्चला आहे आणि पुरीम ११ मार्चच्या सायंकाळी लागेल. वारांच्या नियमाने एक दिवस पुढे गेलेला. तीनही हिशेब पुन्हा एकाच चंद्राखाली येतील, आणि त्याच्या आसपास, सिंह राशीत, गुरूही असेल.