जुन्या मॅटाडोरचं फिरतं घर करताय? ‘व्हिंटेज’ नंबरचा नाद आधी सोडा

विश्रांतवाडी चौकातून पुण्याकडे निघालं की आळंदी रस्त्यावर फुलेनगरचं आरटीओ लागतं. जुन्या गाडीत बेड, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून लडाखला निघालेल्यांच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. त्यात आरटीओ कधी दिसत नाही. सुरुवात मात्र तिथूनच होते.

पुणेकरांच्या ओळखीच्या दोन जुन्या गाड्या म्हणजे मॅटाडोर आणि १९८७ साली आलेली ट्रॅव्हलर. दोन्ही आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सच्या.

‘व्हिंटेज’ नंबर घेतला तर?

तर गाडी घरीच राहील. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. पण गाडी मूळ रूपातच हवी, आणि रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं किंवा दुरुस्ती यांसाठीच. आत स्वयंपाकघर केलेली गाडी पहिल्याच अटीत अडकते.

म्हणजे तुमचा रस्ता साध्या पुनर्नोंदणीचा. खासगी गाडीची १५ वर्षं झाली की दर पाच वर्षांनी ती करावी लागते. हलक्या चारचाकीचं शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये आहे. २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांपुढच्या गाडीला १०,००० रुपये. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

सुताराला बोलावण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे: आरसीवर नसलेला बदल अपघातानंतर समोर आला, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

आता गाडीकडे वळू

गंज आधी बघा. रंग चकचकीत असला तरी चाकांच्या कमानी, दाराखालचा पत्रा आणि चासी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर फर्निचरचे पैसे पत्र्यावर घाला.

यातल्या बऱ्याच गाड्यांत मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन आहे. त्यात संगणक नाही, त्यामुळे जुना मिस्त्री ते कुठेही खोलू शकतो. थंडीत मात्र हीटर प्लगशिवाय ते चालू होणं अवघड. रबराचे होज पाईप आणि फॅन बेल्ट चांगले दिसत असले तरी बदला. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

टायरचंही तसंच. कडेला चार आकडी तारीख असते: ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर लांबच्या प्रवासाला नको.

मॅटाडोर पुढच्या चाकांवर ओढते. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो. ती अगदी मागे बसवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या चढावर घसरतात. टाकी दोन्ही धुऱ्यांच्या मधे, खाली बसवा.

गॅसबाबत एवढंच: एलपीजी हवेपेक्षा जड असतो. वरची खिडकी उघडून भागत नाही, सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं छिद्र लागतं. घरातली वीज दुसऱ्या बॅटरीवर घ्या, तिच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज लावा.

चाचणीसाठी माळशेज

थेट लडाख नको. विश्रांतवाडीहून आळंदी, चाकण, आळेफाटा करत माळशेज घाट उतरा आणि परत चढा, पूर्ण सामान आणि भरलेल्या टाकीसह. रिकामी गाडी काहीच सांगत नाही.

उतरताना ब्रेक कळतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं आणि उतार खालच्या गिअरमध्येच उतरायचा. पायथ्याशी थांबून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. चढताना रेडिएटर कळतो: काटा वर गेला तर गाडी बाजूला घ्या, पण झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडा.

उत्तरेकडे जाणार असाल तर निघण्याच्या आठवड्यात दिल्लीचे नियम पुन्हा वाचा. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरचे तिथले निर्बंध वारंवार बदललेत, आणि महाराष्ट्रातली पुनर्नोंदणी तिथे पुरेशी ठरेलच असं नाही.