सोंड्या

भाट्याच्या आमच्या आबाकाकांना मी एका माडाला कान लावून, डोळे मिटून उभे असलेले पाहिले, तेव्हा पहिली शंका आली ती त्यांच्या वयाची. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस भल्या सकाळी माडाला मिठी मारून उभा राहिला, तर घरच्यांनी डॉक्टरांना फोन करावा अशीच ती गोष्ट. मी काही विचारणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि दुसऱ्या हाताने मला जवळ बोलावले. मीही कान लावला. खाडीवरचा वारा ऐकू आला, सुरूच्या बनातली सळसळ ऐकू आली, पावसला निघालेली एस.टी. ऐकू आली. माड मात्र गप्प होता.

"ऐकलंस?"

"काय?"

"कुरतडतोय मेला. आत बसून कुरतडतोय."

"कोण?"

"सोंड्या!"

काकांच्या वाडीपासून भाट्याचे नारळ संशोधन केंद्र काही लांब नाही. १९५५ सालापासून तिथे माडाच्या जाती, रोग आणि किडी यांचा अभ्यास चालला आहे. काकांची मात्र अशी समजूत आहे, की तिथल्या शास्त्रज्ञांनी जे काही शोधून काढले ते कुंपणापलीकडून काकांचे बोलणे ऐकून. त्यामुळे चहा होईपर्यंत मला भुंग्यांवर व्याख्यान ऐकावे लागले.

माडाचे दावेदार दोन. पहिला गेंड्या भुंगा. हा गृहस्थ नावाप्रमाणेच डोक्यावर शिंग घेऊन येतो, माडाचा कोवळा कोंब खातो, आणि त्या कोंबातली झावळी उलगडली की कात्रीने नक्षी कापावी तशी दिसते. म्हणजे चोरी करून वर सही करून जाणारा. दुसरा हा सोंड्या. तांबूस रंगाचा, लांब सोंडेचा. तो गेंड्याने केलेल्या जखमेत किंवा कोयत्याच्या घावात अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोडाच्या आत राहून आतला मऊ गर खात सुटतात. वरून माड ठणठणीत. शेंडा कोमेजलेला दिसतो तोपर्यंत आतले सगळे आटोपलेले असते. कुठे भोकातून तपकिरी रस गळताना दिसला तर दिसला, नाही तर खोडाला कान लावायचा. अळ्यांच्या कुरतडण्याचा आवाज जाणत्याला येतो. मी जाणता नव्हतो.

तसा मी भाट्याला माडांसाठी गेलोच नव्हतो. वडील गेल्यावर घराचे सातबारे, वाटणीपत्र, आजोबांची पत्रे आणि वडिलांनी अखेरच्या वर्षांत मोठ्या हौसेने स्कॅन करून ठेवलेले फोटो, हे सगळे त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात अडकले होते. आणि तो कॉम्प्युटर अलीकडे स्वतःच्या मनाने वागू लागला होता. मध्येच बंद पडे, मध्येच नको ती जाहिरात दाखवी. एका तरबेज मुलाने त्यातले कागद बाहेर काढून दिले, हार्ड डिस्क 'फॉरमॅट' केली, सगळे नव्याने बसवले आणि सांगितले, "आता एकदम क्लीन!" गंगेत स्नान घडल्याच्या आनंदात मी ते काकांना सांगायला गेलो.

"क्लीन झालं हे सांगितलं कोणी?" काकांनी विचारले.

"त्या मुलानं."

"आणि त्याला?"

"कॉम्प्युटरनं. स्क्रीनवर तसं आलं ना!"

"म्हणजे सोंड्यालाच विचारलंत, बाबा रे, आत आहेस का? आणि तो नाही म्हणाला."

ज्या माणसाने जन्मात संगणकाला बोट लावले नाही, त्याने आपली गंगा अशी एका वाक्यात आटवावी याचा मला राग आला. पुण्याला परतल्यावर काकांना खोटे पाडण्यासाठीच मी वाचायला बसलो. आणि वाचता वाचता माझाच चेहरा शेंड्यासारखा उतरत गेला.

संगणकावरच्या किडींचा इतिहासही गेंड्यापासूनच सुरू होतो. आय.बी.एम. पी.सी. जातीच्या संगणकांवर पहिल्याने जो विषाणू पसरला, तो १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन'. तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात, म्हणजे संगणक ज्या ठिकाणापासून वाचायला सुरुवात करतो तिथे, ठाण मांडून बसे. पण गंमत अशी, की त्या भावांनी त्यात आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोन नंबरसुद्धा लिहून ठेवला होता. आमचे सॉफ्टवेअर लोक फुकट उतरवून घेतात, त्यांना धडा शिकवायला हे केले, असे त्यांचे म्हणणे. लग्नपत्रिकेवर 'हेच आग्रहाचे निमंत्रण' छापावे इतका हा सज्जन कारभार. असे चोर आता राहिले नाहीत.

पुढचा मात्र एक मजला खाली उतरला. तैवानच्या चेन इंग-हाऊ नावाच्या विद्यार्थ्याने १९९८ साली 'सी.आय.एच.' हा विषाणू लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी तो जगभर जागा झाला. चेर्नोबिलचा अपघातही २६ एप्रिललाच झालेला, १९८६ साली, म्हणून लोकांनी त्याला 'चेर्नोबिल' म्हटले. हा डिस्कवरची माहिती तर पुसायचाच, शिवाय जिथे जमेल तिथे संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या बायॉस नावाच्या चिपमध्ये कचरा लिहून ठेवायचा. संगणकाला सकाळी उठून 'आपण कोण, आपले हातपाय कुठे' हे सांगते ती ही चिप. तीच बिघडली की पुढे सगळेच खुंटले. बटण दाबा, नाही तर नवस बोला, यंत्र उठत नसे. आजवर विषाणू म्हणजे कागदावरची शाई होती, इथे पहिल्यांदा ती लाकडात मुरली.

पण सी.आय.एच. झाला तरी आडदांडच. त्याने केलेली नासधूस दिसत होती. खरा सोंड्या उघडकीला आला तो २०१५ च्या फेब्रुवारीत. मेक्सिकोतल्या कॅनकूनच्या एका परिषदेत कॅस्परस्की या मॉस्कोच्या कंपनीने जाहीर केले, की 'इक्वेशन ग्रुप' असे नाव आपण ज्यांना दिले आहे त्या टोळीने हार्ड डिस्कच्या फर्मवेअरमध्येच घर केले आहे. सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा, सॅमसंग अशा डझनभर नावांच्या डिस्का त्यांना उघडता येत होत्या. ज्या तीसेक देशांत या टोळीचा वावर सापडला, त्यांत भारताचेही नाव होते.

आता हे फर्मवेअर म्हणजे काय, ते समजून घेताना मला माझ्या नोकरीतले रेकॉर्ड रूम आठवले. माझी समजूत अशी होती, की हार्ड डिस्क म्हणजे एक पेटारा. कागद ठेवायचे, हवे तेव्हा काढायचे. तसे नाही. डिस्कच्या डबीत एक स्वतंत्र छोटा संगणकच असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती आणि कसे वागायचे याची स्वतःची नियमावली. ही नियमावली म्हणजेच फर्मवेअर. थोडक्यात, तो पेटारा नसून रेकॉर्ड रूमच्या दारात स्टूल टाकून बसलेला कारकून आहे. साहेबसुद्धा आत जात नाहीत. 'अमुक फाइल दे' म्हटले की तो आत जाऊन आणून देतो. 'नाही' म्हणाला तर नाही.

मग फॉरमॅट करणे म्हणजे काय? तर त्याच कारकुनाला हुकूम सोडायचा, 'खोली रिकामी कर.' तो आत जातो, थोडा वेळ खुडबुड करतो, बाहेर येऊन म्हणतो, 'केली, साहेब.' आता कारकूनच फितलेला असेल, तर त्याने आतला एक कोनाडा शाबूत ठेवला आहे हे साहेबांना कळायचे कसे? आणि याहून वाईट म्हणजे, या कारकुनाला नवी नियमावली देण्याची सोय असते, पण 'तुझ्याजवळ सध्या कोणती आहे ती दाखव' असे विचारून खरे उत्तर मिळवण्याची सरळ सोय नसते. विचारले तरी उत्तर तोच देणार.

काकांचे वाक्य मला इथे पुन्हा भेटले.

ही कीड डिस्कपर्यंत पोहोचायची कशी, तेही माडासारखेच. आधी एखादी साधी जखम लागते. २००९ साली अमेरिकेत ह्यूस्टनला एक वैज्ञानिक परिषद झाली. तिला हजर राहिलेल्या एका शास्त्रज्ञाला नंतर पोस्टाने एक सीडी आली, परिषदेच्या आठवणींची. त्याने कौतुकाने ती लावली आणि त्याच्या संगणकात इक्वेशन ग्रुपचा माणूस शिरला. सीडी वाटेतच कोणी तरी बदलली असावी असा तर्क आहे. सामुदायिक फोटोत आपण कुठे उभे आहोत हे शोधण्याचा मोह नोबेलच्या तोडीच्या माणसालाही सुटत नाही. आम्हांला कोण विचारतो!

कॅस्परस्कीने यामागे कोणता देश आहे ते सांगितले नाही. इराणच्या अणुकेंद्रातली यंत्रे बिघडवणाऱ्या, २०१० साली उघडकीला आलेल्या 'स्टक्सनेट'च्या कर्त्यांशी यांचे नाते आहे, एवढे मात्र म्हटले. समजणाऱ्यांनी अमेरिका असे समजून घेतले. गंमत पुढेच आहे. २०२४ साली अमेरिकेने, रशियन कंपनीचा भरवसा काय, असे म्हणून कॅस्परस्कीच्याच मालाच्या विक्रीवर आपल्या देशात बंदी घातली. म्हणजे आता माडाला कान लावणाऱ्याच्या कानावरही संशय!

अर्थात रशियनांना या कलेत कोणी कच्चे समजू नये. १९४५ साली मॉस्कोत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेले त्यांचेच राजचिन्ह भेट दिले. मुलांचे मन कसे मोडायचे? ते राजदूताच्या निवासात भिंतीवर टांगले गेले आणि तब्बल सात वर्षे, १९५२ पर्यंत, तिथले बोलणे ऐकत राहिले. आत बॅटरी नाही, तार नाही. बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की ते जागे व्हायचे. ते बनवणारा लिऑन थेरेमिन मूळचा हात न लावता वाजणाऱ्या वाद्याचा जनक. पुढे १९८४ साली त्याच मॉस्कोतल्या वकिलातीतले टाइपरायटर तपासले, तर अनेक यंत्रांच्या आत, एका धातूच्या पट्टीच्या पोटात, कोणते अक्षर टाइप होते आहे ते बाहेर कळवणारी करामत निघाली. वर्षानुवर्षे टायपिस्ट बाई गोपनीय मजकूर टाइप करत होत्या, आणि एक प्रत परस्पर जात होती, कार्बनशिवाय. ती सापडली कशाने? टाइपरायटरला विचारून नव्हे. एक्स-रे काढून.

एवढे वाचल्यावर माझी झोप उडाली, मग माझी मलाच लाज वाटली. डिस्कमधला तो सोंड्या अत्यंत महागाचा. तो राजदूत, शास्त्रज्ञ, अणुकेंद्रे अशा ठिकाणीच मोजूनमापून सोडलेला आढळला आहे. आमच्या वाटणीपत्रातल्या साडेतीन गुंठ्यांसाठी कोणती महासत्ता एवढा खर्च करील? एक चुलतभाऊ सोडला तर त्या कागदांत जगात कोणाला रस नाही. माझ्या कॉम्प्युटरला झाला असेल तर साधा गेंड्याच झाला असणार, आणि तो त्या मुलाने घालवला असणार.

पुढच्या खेपेला हे सगळे मी काकांना समजावून सांगितले. म्हटले, ही मोठ्या राष्ट्रांची भांडणे, आपल्यापर्यंत येत नाहीत. काका म्हणाले, "आणि पेट्रोलपंप?"

मी विसरलो होतो, काका विसरले नव्हते. २०१७ साली आधी उत्तर प्रदेशात लखनौला आणि पाठोपाठ जूनमध्ये ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंपांवर धाडी घातल्या होत्या. पंपात पेट्रोल वाहताना एक चाकी फिरते, 'पल्सर' नावाचा भाग तिच्या फेऱ्यांचे विजेचे ठोके करतो, आणि आतले इलेक्ट्रॉनिक कार्ड ते ठोके मोजून आकडा दाखवते. काही बहाद्दरांनी त्या आतल्या भागांतच फेरफार केले होते. आकडा बरोबर, पैसे बरोबर, पावती बरोबर. फक्त पेट्रोल कमी. आपण खिडकीतून मान काढून 'शून्य दाखवा' म्हणून दरडावत होतो, आणि शून्य खरोखरच शून्य होते!

"तिथं महासत्ता होती का रे?" काकांनी विचारले. नव्हती. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि आतले जाणणारा एक कारागीर.

काकांचे तेवढ्याने भागले नाही. रत्नागिरीला जाताना माझ्या गाडीत पेट्रोल भरायचे होते, तिथे त्यांनी खाली उतरून पाच लिटरचे माप मागितले. गिऱ्हाइकाला तो हक्क आहे, पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त चालत नाही, हे त्यांनी मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. रांगेने हॉर्न वाजवून उत्तर दिले. मी गाडीत खाली सरकून बसलो. मुलाने निमूटपणे माप आणले, भरले. काकांनी चष्मा पुसून रेषेला डोळा लावला.

माप काटेकोर भरले. काका गाडीत येऊन बसले ते पूल ओलांडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एवढे खट्टू झालेले मी त्यांना माड तोडला त्या दिवशीही पाहिले नव्हते.

तो माड अखेर तोडावाच लागला. आजोबांनी लावलेला. खोड चिरले तेव्हा आत भुसा आणि लाल-तपकिरी चोथा, आणि त्यात बोटाएवढ्या पांढुरक्या अळ्या. आजोबांचा त्या माडाशेजारी उभे राहून काढलेला एक फोटो आहे, तो आता फक्त स्कॅन केलेलाच उरला आहे. संध्याकाळी काकांनी तो पाहायला मागितला. मी माझा नवा लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. मग लॅपटॉप उचलून त्याला कान लावला.

"काही ऐकू येत नाही रे."

"काका, हल्ली यात फिरणारी तबकडी नसते. सगळं चिपमध्येच असतं. आवाज होतच नाही."

"मग तर कठीणच," काका म्हणाले, आणि उरलेल्या माडांच्या जखमांना डांबर फासायला उठले.