संसर्गाची जोखीम असलेली ठिकाणे (भंडारा जिल्हा)

श्वासावाटे पसरणारा विषाणू ज्या जागांत व व्यवसायांत झपाट्याने फैलावू शकतो, अशी जिल्ह्यातील ठिकाणे. कोरोनाचा जिल्ह्यातील पहिला रुग्ण २७ एप्रिल २०२० रोजी गराडा बुद्रुक येथे आढळला. दुसऱ्या लाटेत १२ एप्रिल २०२१ या एकाच दिवशी १,५९६ नवे रुग्ण नोंदले गेले.

जोखीम नुसत्या गर्दीवर ठरत नाही. कोंडलेली हवा, सहवासाचा वेळ आणि चढा आवाज एकत्र आले की ती वाढते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये समूहगायनाच्या एका तालमीला ६१ जण होते. त्यांतले ५३ निश्चित वा संभाव्य रुग्ण ठरले.

महाराष्ट्र सरकारच्या आदेशांनी धोक्याचे व्यवसाय नावानिशी बंद केले आणि मग टप्प्याटप्प्याने उघडले : केशकर्तनालये २८ जून २०२०, उपाहारगृहे ५ ऑक्टोबर, व्यायामशाळा २५ ऑक्टोबर, चित्रपटगृहे ५ नोव्हेंबर. ही यादी मुळात शहरी. मॉल आणि मल्टिप्लेक्सची वर्गवारी लाखांदूर किंवा मोहाडीच्या गावांना फारशी लागू पडत नाही.

धानाच्या रोवणीचेच पाहा. बांधीत चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायांना उघड्या हवेत धोका कमी. पण त्याच बाया सकाळी काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून, पावसामुळे काचा लावून शेतावर जातात, तेव्हा तो वाढतो. म्हणजे जोखीम कामात नसून कामावर जाण्यात आहे. राईस मिलचे शेड ऐसपैस असते, मात्र यंत्राच्या घरघरीत हमालाला समोरच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागते. चिखला येथील भूमिगत मँगनीज खाणीत पाळी बदलतानाची दाटी अधिक महत्त्वाची.

झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यातले, नाटक हे खास इथले प्रकरण. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. दिवसा मैदानात बाजार भरतो आणि रात्री मांडवात पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. दोन्हीकडे माणसे तीच, तरी मंडईचे मैदान तुलनेने सुरक्षित. मांडवात प्रेक्षक थंडीमुळे खेटून बसतात, नट टिपेला आवाज लावतात आणि पडद्यामागच्या रंगपटात सगळी मंडळी एकाच आरशापुढे दाटतात. प्रेक्षकापेक्षा नटाला धोका जास्त, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

लग्नसमारंभांबाबतचा २२ एप्रिल २०२१ पासून लागू झालेला आदेश नेमका होता : २५ माणसे, दोन तास, उल्लंघनास ५० हजार रुपये दंड. त्यात डोक्यांबरोबर घड्याळही मोजले होते. मात्र आदल्या रात्रीची हळद आणि घरातली पंगत त्यातून निसटण्याचीच शक्यता अधिक. पुढे दुसरी लाट ओसरून ६ ऑगस्ट २०२१ रोजी उपचाराखालचा शेवटचा रुग्ण घरी गेल्यावर जिल्हा काही काळ कोरोनामुक्त घोषित झाला.